सगळ्यांना पुरणारं आकाश

वाढदिवसाच्या घरी केक कापायची वेळ झाली की मुलं टेबलाभोवती गर्दी करतात. त्यातलं एखादं मूल मात्र आईने सोबत दिलेला डबा हातात घेऊन जरा मागे उभं असतं. त्याला दुधाची, अंड्याची नाहीतर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते. डब्यात त्याच्यापुरता लाडू असतो, नाहीतर राजगिऱ्याची वडी. ते रडत नाही, हट्ट करत नाही, त्याला सवय झालेली असते. पाच वर्षांच्या मुलाला असल्या गोष्टीची सवय असावी, हे बघताना पोटात तुटतं.

आणि वाढदिवस त्याचाच असला तर? बरीच घरं दोन केक करतात, पाहुण्यांसाठी मोठा आणि त्याच्यासाठी छोटा. हा तोडगा मला पटत नाही. दोन केक म्हणजे दोन सुऱ्या आणि दोन ताटं, आणि वीस मुलांच्या गलक्यात कुठली सुरी कशात गेली याचा हिशोब कोण ठेवणार? त्याहून सरळ वाट अशी, की एकच केक करावा, ज्याला सगळ्यात कडक पथ्य आहे त्याच्या पथ्याने करावा, आणि तोच सगळ्यांनी खावा. चवीला तो उणा पडला तर पाहुणे दुसऱ्यांदा मागणार नाहीत, म्हणून तो उणा पडू द्यायचा नाही.

अशा केकला अवकाशाचा विषय फार सोयीचा आहे. नेहमीच्या सजावटीचा सगळा भार पांढऱ्याशुभ्र क्रीमवर असतो आणि ते क्रीम दुधाचं असतं. आकाशाला काळोख लागतो आणि काळोख कोकोतून मिळतो. शिवाय आकाश गुळगुळीत नसतं, सारखं नसतं. थर थोडा खडबडीत राहिला, रंग एकमेकांत शिरले, तरी ते चुकल्यासारखं दिसत नाही. नवख्या हाताला याहून मोठी सवलत मिळणार नाही.

पण केकपाशी जाण्याआधी बाजारातल्या शब्दांपाशी थांबायला हवं, कारण घोटाळे तिथेच होतात.

पहिला शब्द ‘एगलेस’. आपल्याकडे या शब्दावर फार भिस्त ठेवली जाते. पण अंड्याची उणीव भरून काढायला एगलेस केकमध्ये बहुधा कंडेन्स्ड मिल्क असतं, दही असतं किंवा दूध पावडर असते. म्हणजे दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला तो नेहमीच्या केकपेक्षाही वाईट. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही अर्धीच गोष्ट सांगतो. आपल्या कायद्यात अंडं मांसाहारात धरलं जातं, त्यामुळे हिरवा ठिपका म्हणजे अंडं नाही, एवढंच. दुधाबद्दल तो काही बोलत नाही.

दुसरा शब्द ‘नॉन-डेअरी’. केकवर फेटायचं जे व्हिपिंग क्रीम मिळतं, त्याच्या खोक्यावर हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि मागच्या बारीक अक्षरांत अनेकदा ‘सोडियम केसिनेट’ लिहिलेलं असतं. केसिनेट म्हणजे दुधातलंच प्रथिन. स्निग्धांश वनस्पतीचा आहे म्हणून नॉन-डेअरी, पण अ‍ॅलर्जी ही प्रथिनाची असते, स्निग्धांशाची नव्हे. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्याला असं क्रीम चालून जाईल, दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आजी-आजोबांना हे शांतपणे समजावून सांगावं लागतं. ‘देशी गाईचं तूप घाल थोडं, तूप म्हणजे काय दूध आहे का?’ असं कुणीतरी प्रेमाने म्हणतंच. कढवलेल्या तुपातही दुधाच्या प्रथिनाचे अंश राहतात. म्हशीचं, शेळीचं दूध हाही पर्याय नाही, कारण ती प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर त्यांत फरक करत नाही.

तिसरा घोटाळा मार्झिपॅनचा. ग्रह वळायला ते छान वाटतं, पण मुळात ते बदामाचं, आणि गोव्याकडे काजूचं करतात. सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते घरातही आणायचं नाही. आयतं फॉन्डंट, म्हणजे सजावटीचा साखरेचा लगदा, आणलंत तर त्याच कारखान्यात मार्झिपॅन बनतं का, हे पाकिटाच्या मागे पाहावं.

पाकिटं वाचणं हे या कामातलं खरं कौशल्य. आपल्या देशातल्या २०२०च्या लेबल नियमांनुसार आठ गटांची नोंद पाकिटावर करावी लागते: ग्लुटेन असलेली गव्हासारखी धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. या यादीत तीळ नाहीत. संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या घरांत तीळ कुठे नसतात? तेव्हा तिळाबद्दल पाकीट गप्प असलं तरी आईवडिलांना स्वतंत्रपणे विचारावं. आणखी एक बारीक गोष्ट: साजूक तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात तिळाचं तेल मिसळण्याचा आपल्याकडे जुना नियम आहे. त्यामुळे तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी वनस्पती आणि त्याच जातीचं शॉर्टनिंग, म्हणजे बेकरीत वापरतात तो घट्ट स्निग्ध पदार्थ, टाळलेलं बरं. सुटं सामान तर आणूच नये. सुट्या मैद्याला, सुट्या कोकोला लेबल नसतं आणि वाण्याच्या एकाच मापाने शेंगदाणेही मोजले जातात.

आता स्वयंपाकघर. मिक्सरच्या झाकणातलं रबर टोकदार काडीने उचकटून पाहा. त्या खाचेत जुन्या शेंगदाण्याच्या कुटाची तेलकट, करडी रेघ जमलेली असते. भांडं कितीही घासलं तरी ती तिथेच राहते, आणि आपण त्याच भांड्यात केकसाठी साखर दळतो. म्हणून या केकला पिठीसाखर बंद पाकिटातली घ्यावी, नाहीतर रबर काढून गरम पाण्यात साबण घालून धुवावं आणि पूर्ण वाळवून बसवावं. खाचा पडलेला लाकडी कलथा, पोळपाट, तेल लावायचा केसांचा ब्रश, चरे पडलेला नॉनस्टिक डबा या कशाचाच भरवसा नाही. चाळणीच्या जाळीत आणि कडेच्या वळीत पीठ अडकतं, तेव्हा दीड-दोनशे रुपयांची नवी चाळणी घेऊन तिच्यावर नाव लिहून ठेवणं सोपं. सिलिकॉनचा उलथना, स्टीलची परात, काचेचा वाडगा हे घासून निर्धास्त वापरता येतात. ओटा आधी साबणाच्या पाण्याने आणि नव्या फडक्याने पुसायचा. ओट्यावर रोज फिरणारं फडकं कूटही पसरतं आणि दूधही. हे सगळं आदल्या रात्री करून ठेवावं आणि केक होईपर्यंत त्या ओट्यावर दुसरं काही शिजवू नये.

भाजण्यासाठीचा पाया अगदी साधा आहे. अमेरिकेत मंदीच्या काळात दूध, अंडी, लोणी परवडेनासं झालं, तेव्हा सोडा आणि व्हिनेगरवर फुगणारा चॉकलेट केक घरोघरी होऊ लागला. तीच रीत आज आपल्या उपयोगाची. सात इंची, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या दोन डब्यांसाठी २८५ ग्रॅम मैदा, ३८ ग्रॅम साधा कोको, २८० ग्रॅम साखर, दीड टीस्पून खायचा सोडा, पाऊण टीस्पून मीठ, ११० मिली सूर्यफुलाचं तेल, ३६० मिली पाणी, दीड टेबलस्पून पांढरं व्हिनेगर आणि दीड टीस्पून व्हॅनिला. घाण्याचं शेंगदाणा तेल घरात असेल तर त्या दिवशी ते कपाटातच राहू दे. व्हिनेगर ‘माल्ट’ नको, ते बार्लीपासून, म्हणजे ग्लुटेन असलेल्या सातूपासून करतात. पाण्याऐवजी वनस्पतिज ‘दूध’ घालण्याचा मोहही आवरावा. बदामाचं, सोयाचं, ओट्सचं यातलं प्रत्येक दूध कुणा ना कुणाच्या यादीत असतंच, आणि पाण्याने हा केक उत्तम होतो. काबुली चण्याचं पाणी फेटून अंड्याच्या पांढऱ्याचं काम भागवायची एक पद्धत आहे, पण चण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं आपल्याकडे आहेत. त्याचीही इथे गरज नाही.

मैदा, कोको, सोडा, मीठ दोनदा चाळा. साखर पाण्यात विरघळवा, त्यात तेल आणि व्हॅनिला घाला आणि हे पाणी पिठात ओता. पिठाच्या बारीक गाठी राहिल्या तरी चालतील. ओव्हन १७० अंशांवर तापलेला आहे आणि डब्यांना तेल लावून तळाशी कागद घातलेला आहे याची खात्री झाली की मगच व्हिनेगर घालायचं. ते पडताच पिठात फिकट, फेसाळ रेघा उमटतात. सोडा आणि आम्ल जिथे भेटलं ती ही जागा. उलथन्याने तळापासून वर, दहा-पंधरा वेळा फिरवा. रेघा दिसेनाशा झाल्या की हात थांबवा. प्रत्येक डब्यात साधारण ५४० ग्रॅम पीठ येतं, वजनावर मोजूनच घाला, म्हणजे दोन्ही थर सारखे होतात. पाच मिनिटांच्या आत डबे आत गेले पाहिजेत. वायू लगेच सुटायला लागतो, आणि त्याला धरून ठेवायला अंड्याची जाळी इथे नाही. पीठ दहा मिनिटं ओट्यावर राहिलं तर केक दडदडीत होतो, आणि मग दोष सोड्याला दिला जातो.

पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. मधला भाग अजून ओला असताना थंड हवा लागली की तो बसतो आणि पुन्हा वर येत नाही. ओटीजीत वरची सळई बंद ठेवा, नाहीतर पापुद्रा आधी धरतो आणि केक डोंगरासारखा फुगून तडकतो. बत्तीस ते छत्तीस मिनिटांत कडा डब्यापासून सुटतात आणि काडी कोरडी येते. तोंडात साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला किंवा आम्ल कमी पडलं असं समजावं. चमचा सपाट भरायचा, शीग लावायची नाही. दहा मिनिटं डब्यात, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. ताजा केक कापला तर भुगा होतो, आणि काळ्या थरात मिसळलेला भुगा लपत नाही.

गहू वर्ज्य असेल तर मैद्याच्या जागी १५० ग्रॅम तांदळाची बारीक पिठी, ८० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि ६ ग्रॅम इसबगोल घ्या. गव्हातलं ग्लुटेन जे बांधून ठेवतं, ते काम इसबगोलाची भिजलेली साल करते. इसबगोल चालतं ना, हेही विचारून घ्यावं. फक्त क्रम बदलतो. ही पिठं, कोको, साखर, पाणी, तेल एकत्र करून वीस मिनिटं मुरू द्यायचं, नाहीतर तांदूळ दाताखाली कचकचतो. सोडा मात्र बाजूला ठेवायचा, शेवटी चमचाभर पाण्यात कालवून घालायचा आणि त्यामागोमाग व्हिनेगर. भाजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. गरम असताना कापला तर चिकट लागतो, म्हणून रात्रभर थांबणं इथे ऐच्छिक नाही. पीठ मात्र गिरणीतून आणू नका. आपल्या आधी त्याच दगडावर कुणाचे तरी गहू पडलेले असतात आणि पहिलं किलोभर पीठ ते गहू घेऊनच बाहेर येतं. बंद पाकिटातलं, ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलं पीठ घ्या, नाहीतर ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून त्या रबर धुतलेल्या मिक्सरमध्ये दळा.

आता काळोख. काळ्या रंगाबाबत सर्रास होणारी चूक म्हणजे पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग ओतत राहणं. अर्धी बाटली संपते, क्रीम करडंच राहतं, चव कडवट होते आणि मुलांचे दात, ओठ, दुसऱ्या दिवशीची सकाळ, सगळं रंगतं. काळोख कोकोपासून सुरू करावा. २५० ग्रॅम शॉर्टनिंग आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर, ५०-६० मिली पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पाच-सहा मिनिटं फेटा. यातलं २०० ग्रॅम पांढरं बाजूला काढून ठेवा, तेजोमेघांसाठी, म्हणजे आकाशातल्या रंगीत वायूच्या ढगांसाठी. उरलेल्यात ५० ग्रॅम गडद कोको दोनदा चाळून मिसळा, मग अर्धा टीस्पून काळा जेल रंग आणि थेंबभर निळा. पहिल्यांदा ते चॉकलेटीच दिसेल. आणखी रंग घालू नका, झाकून रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत रंग आपोआप दोन छटा खोल जातो.

तीळ वर्ज्य म्हणून शॉर्टनिंग बाद झालं, तर दुसरी रीत शिजवण्याची. ३०० मिली पाणी, १५० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम कोको, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होऊ देता मंद आचेवर ढवळत राहायचं. पिठल्यासारखं फदफदायला लागलं की आणखी दोन मिनिटं, मग गॅस बंद करून ८० ग्रॅम खोबरेल तेल घोटून घालायचं. नारळ चालतो ना, हे विचारलेलं असावं. वर साय धरू नये म्हणून गार होताना पृष्ठभागाला चिकटून कागद ठेवा. याला धारदार कडा येत नाहीत, पण चव शॉर्टनिंगपेक्षा कितीतरी चांगली. तेजोमेघांसाठी असंच थोडं बिनकोकोचं शिजवावं लागतं. नुसतं खोबरेल आणि साखर फेटून केलेलं क्रीम मात्र उन्हाळ्यात करू नका. खोबरेल २४ अंशांना वितळतं, मग मे महिन्यात नागपुरात काय होईल ते सांगायला नको.

प्रत्येक केक मधोमध आडवा कापून एकूण चार थर करा, मध्ये क्रीम, बाहेरून आधी पातळ हात आणि अर्धा तास फ्रीज. भुगा या पहिल्या थरात अडकून बसतो. मग काळा थर. बाजूला काढलेल्या पांढऱ्याचे तीन भाग करून निळा, जांभळा, गुलाबी रंगवा आणि चमचाभर पांढरंच ठेवा. छोट्या सुरीने काळ्यावर ठिपके नाही, फटकारे द्या, एका तिरक्या पट्ट्यात, आकाशगंगेच्या. मग स्क्रेपर टेकवून फिरता पाट दोनदा, फार तर तीनदा फिरवा. इथे हात आवरणं हीच कला. चौथ्या फेरीला निळा, गुलाबी, तपकिरी एक होऊन चिखल होतो आणि तो परत वेगळा करता येत नाही. निळ्याशेजारी जांभळा, जांभळ्याशेजारी गुलाबी असे सख्खे शेजारी ठेवा. जांभळ्यात पिवळा शिरला की मातकट. रंग घेताना बाटलीवर परवाना क्रमांक पाहा. आपल्याकडे खाण्यात परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत, आणि टार्ट्राझिन हा पिवळा काही मुलांना सोसत नाही.

तारे दोन प्रकारांनी येतात. पार्श्वभूमीचे शिंतोड्यांनी: ३० ग्रॅम पिठीसाखरेत १० मिली पाणी, घावनाच्या पिठाइतकं पातळ. नवा कोरा टूथब्रश त्यात टेकवून अंगठ्याने केस मागे ओढून सोडायचे. आधी कागदावर दोन फटके मारा, पहिला थेंब नेहमी मोठा पडतो. एक फुटावरून बारीक धूळ पडते, वीतभर अंतरावरून ठळक तारे. केक गार हवा, म्हणजे स्निग्ध थरावर थेंब पसरत नाही, मोत्यासारखा उभा राहून वाळतो. शिंतोडे सगळीकडे सारखे टाकू नका. आकाशगंगेच्या पट्ट्यात दाट, बाहेर विरळ, आणि मधे एखादा कोपरा पूर्ण काळा सोडा. तो रिकामा काळा कोपराच बाकीच्या आकाशाला खोली देतो.

दुसरे तारे ओळखीचे. वाढदिवस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या संध्याकाळचं आकाश केकवर उतरवावं. जानेवारी-फेब्रुवारीत मृग, एप्रिल-मेमध्ये सप्तर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेला वृश्चिक, नोव्हेंबरात उत्तरेला शर्मिष्ठा. मृग काढत असाल तर घट्ट पांढरी साखर टूथपिकच्या टोकावर घेऊन चौकोनाचे चार तारे, मध्ये बाणाचे तीन. वर डावीकडे काक्षी, तिला अगदी किंचित नारिंगी द्या. खाली उजवीकडे राजन्य, निळसर पांढरा. बाणाची रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध लागतो, तो सगळ्यात ठळक, तीन मिलिमीटरचा. वर उजवीकडे वाढवली की तांबूस रोहिणी. बाणाखाली लटकलेल्या तलवारीत खराखुरा तेजोमेघ आहे. गुलाबी फटकारा नेमका तिथे पडू द्या, हायड्रोजन वायूचा रंग छायाचित्रांत तसाच उमटतो. वाढदिवसाच्या रात्री गच्चीवर नेऊन मुलाला केकवरचं हेच आकाश वर दाखवता येतं.

माथ्यावर मोठी वस्तू एकच ठेवावी, चंद्र किंवा शनी. दोन्ही ठेवले की दाटी होते.

त्यासाठी साखरेचा लगदा घरी होतो: २५० ग्रॅम पिठीसाखर, ४० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, १० ग्रॅम शॉर्टनिंग किंवा खोबरेल, लगदा घट्ट वाळावा म्हणून एक टीस्पून सीएमसी पावडर आणि चमचा-चमचा करत १५ ते १८ मिली पाणी. कणकेसारखा मळून तासभर झाकून ठेवा. चंद्रासाठी त्यात काडीच्या टोकाएवढा काळा रंग, पूर्ण न मळता, म्हणजे करड्या लाटा राहतात. दहा सेंटिमीटरची चकती लाटा आणि मापाच्या चमच्यांच्या पाठीने विवरं दाबा. विवराला काठ असतो, हे बहुतेक जण विसरतात. लोणारचं सरोवर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: उल्का आदळून बेसॉल्टमध्ये तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर, आणि भोवती उचललेला काठ. चमचा दाबल्यावर बोटाने कड किंचित वर ढकलायची. लहान विवर मोठ्याच्या काठावर चढू द्या, कारण नवं विवर जुन्यावर पडतं.

चांद्रयान-३ हवंच असतं. २३ ऑगस्ट २०२३ला विक्रम उतरला ती जागा दक्षिण ध्रुवाजवळ, पण नेमकी ध्रुवावर नाही, सुमारे ६९ अंश दक्षिणेला आणि ३२ अंश पूर्वेला. दहा सेंटिमीटरच्या चकतीवर याचा अर्थ मध्यापासून ४.७ सेंटिमीटर खाली आणि एक सेंटिमीटरला किंचित कमी उजवीकडे. म्हणजे अगदी काठाशी. तिथे नखाएवढा चौकोनी विक्रम, चार पायांचा, आणि शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा सहा चाकांचा प्रज्ञान. अवकाशवेडी मुलं जागा तपासतात.

शनीचं गणित वेगळं. साखरेच्या लगद्याचा पाच सेंटिमीटरचा भरीव गोळा ८०-९० ग्रॅम भरतो आणि मऊ क्रीममध्ये हळूहळू रुतत जातो. सोपा उपाय आपल्या घरात आहे, चुरमुऱ्याचा लाडू. ७५ ग्रॅम चुरमुरे आणि १५० ग्रॅम गूळ. गुळाचा पाक इतका यावा की वाटीतल्या पाण्यात टाकलेला थेंब काठावर आपटला तर टण् वाजावा. पाकात तूप नको, चमचाभर तेल. ओल्या हाताने गरम असतानाच वळा, मुलांना दूर ठेवून. चुरमुरे मात्र भट्टीवरचे नकोत, त्याच कढईत त्याच वाळूवर शेंगदाणेही भाजले जातात. असा गोळा हलका राहतो, आणि शनीला हे साजतंही, कारण खऱ्या शनीची सरासरी घनता पाण्याहून कमी आहे. त्यावर लगद्याचं पातळ, पिवळसर कवच.

कड्यांबाबत नेहमी कंजुषी होते. मुख्य कड्यांचा बाहेरचा व्यास ग्रहाच्या सव्वादोन पट असतो. चार सेंटिमीटरच्या शनीला कडं बाहेरून ९ आणि आतून ५ सेंटिमीटर कापा, म्हणजे ग्रह आणि कडं यांत फट दिसते. जाडी दोन-अडीच मिलिमीटर. कॉर्नफ्लोअर भुरभुरवलेल्या फळीवर दोन दिवस वाळवा, मध्ये एकदा उलटून. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे ते वाळतच नाही, तेव्हा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. बाहेरच्या बाजूला एक गडद रेघ काढा, ती कॅसिनीची फट, कड्यांमधली मोकळी जागा. कडी मुख्यतः बर्फाची, म्हणून त्यांच्यावर चांदीचा वर्ख शोभतो. वर्ख चिमटीत चोळून पाहा, चांदी बोटांत जिरून जाते, अ‍ॅल्युमिनिअमची करडी गोळी होते. चमकीच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं म्हणजे ती खायची झाली असं नव्हे. खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

सजलेला केक गार खोलीत ठेवावा. फ्रीजमध्ये ठेवायचाच झाला तर खोक्यात, आणि बाहेर काढल्यावर तासभर खोकं उघडू नये. उघडलंत तर दव धरतं, ताऱ्यांना शेपट्या फुटतात आणि शनीचं कडं मान टाकतं.

वापरलेल्या प्रत्येक जिनसाचं पाकीट एका पिशवीत जपून ठेवा, केक संपेपर्यंत. पाहुण्यांत आणखी कुणाची अ‍ॅलर्जी निघाली तर आठवणीवर विसंबावं लागत नाही. केकची सुरी नवी किंवा घासलेली, तिच्या मुठीला रंगीत दोरा बांधलेला, आणि ती दुसऱ्या कशालाही लागू द्यायची नाही. शेंगदाणे घातलेला चिवडा त्या दिवशी नकोच. केक आधी वाटावा, बाकीची ताटं मागून आणावीत, म्हणजे दुसऱ्या पदार्थाचे हात केकला लागत नाहीत.

आणि शनी एकच असतो, तो मागणारी मुलं बारा. म्हणून चुरमुऱ्याचा पाक केलाच आहे तर अडीच सेंटिमीटरचे छोटे गोळेही वळून ठेवा, तांबडा मंगळ, पट्ट्यापट्ट्यांचा गुरू, निळा नेपच्यून. ते केकभोवती पाटावर मांडायचे आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक द्यायचा. बारा मुलांना चौदा गोळे करा. एखादा वाटताना खाली पडतो आणि एखादा धाकट्या भावंडासाठी घरी न्यायचा असतो.